तळमजला कोणाचा, हे आधी ठरवा

तुमचा प्रश्न आणि सोबतचा प्लॅन, दोन्ही नीट पाहिलं. पुण्याजवळ वाघोलीच्या पुढे दोन हजार स्क्वेअर फुटांचा प्लॉट. रस्त्याला ४० फूट, आत ५० फूट, रस्ता पश्चिमेला. घरात सहा माणसं: तुम्ही दोघं, नववीतली मुलगी, चौथीतला मुलगा आणि आई-वडील. वडिलांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मित्राने काढून दिलेल्या प्लॅनमध्ये खाली दोन गाड्यांचं पार्किंग आणि भाड्याने द्यायला एक वन-आरके आहे. वर हॉल, किचन आणि तीन बेडरूम. तुम्ही विचारलंय की चौथी बेडरूम कुठे बसवायची, आणि पश्चिमेचं तोंड वास्तूला चालतं का.

चौथी बेडरूम बसते. कशी ते पुढे सांगतो. वास्तूचंही सांगतो. पण हा प्लॅन पाहिल्यावर मला पहिली अडचण दिसते ती तळमजल्याची. घरातला सगळ्यात सोयीचा, अंगणाला लागून असलेला मजला तुम्ही एका भाडेकरूला आणि दोन गाड्यांना दिलाय. त्यातली दुसरी गाडी अजून घेतलेलीही नाही. आणि ज्यांचे गुडघे दुखतात ते सतरा पायऱ्या चढून वर राहणार. पेपर आणायला, दारात आलेल्या भाजीवाल्याकडे, संध्याकाळी फेरी मारायला, प्रत्येक वेळी सतरा खाली आणि सतरा वर. पहिली दोन-तीन वर्षं ते करतील, तक्रारही करणार नाहीत. मग हळूहळू खाली उतरणंच कमी होईल. वयस्कर माणसांचं घराबाहेर पडणं असंच कमी होत जातं, कोणी मुद्दाम बंद करत नाही.

प्लॅनच्या कोपऱ्यात मित्राने ‘लिफ्ट, भविष्यात’ असं लिहिलंय. त्या जागी आत्ता काय आहे ते पाहा. वर कपडे वाळत घालायची बाल्कनी, आणि बरोबर तिच्याखाली वन-आरकेचं बाथरूम. म्हणजे लिफ्ट बसवायची तर आधी भाडेकरूचं बाथरूम पाडायचं. कागदावर लिहिलेली अशी लिफ्ट कधी होत नाही. लिफ्टची सोय ठेवायचीच असेल तर दोन्ही मजल्यांवर एकाखाली एक अशी साधारण ५ बाय ५ ची स्टोअर रूम ठेवा, आणि तिथला स्लॅब पुढे कापता येईल असा आरसीसी कन्सल्टंटकडून (कॉलम-स्लॅबचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरकडून) आधीच डिझाइन करून घ्या. तोपर्यंत तिथे गाद्या, पंखे आणि दिवाळीचा आकाशकंदील राहील.

आता माझं उत्तर ज्यावर अवलंबून आहे त्या गोष्टी. कर्जाचा हप्ता जर त्या वन-आरकेच्या भाड्यावरच बेतलेला असेल, तर गणित वेगळं होतं. तसं असेल तर भाड्याची खोली वर काढा, तिला बाहेरून स्वतंत्र जिना द्या आणि तुम्ही खाली राहा. आई-वडील वर्षातले आठ महिने गावी राहणार असतील तर खालची खोली इतरांनाही वापरता येईल अशी हवी. दोन्ही मजले एकदम बांधायचे की आत्ता एक आणि पाच वर्षांनी दुसरा, यावरही जिन्याची जागा ठरते. तुमच्या लिहिण्यावरून मी असं धरतो की सगळे कायम एकत्र राहणार आहात, आणि भाडं मिळालं तर बरं, नाही मिळालं तरी अडणार नाही.

घर किती मोठं होऊ शकतं ते आधी पाहू. २०२० च्या डिसेंबरपासून राज्याच्या बहुतेक भागाला एकच बांधकाम नियमावली लागू आहे. त्यात दाट वस्तीच्या भागाबाहेर मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा, १.१० आहे. म्हणजे तुमच्या प्लॉटवर २२०० स्क्वेअर फूट. प्रीमियम भरून वाढवता येतो, पण ते रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून, आणि तुम्हाला त्याची गरज पडेल असं मला वाटत नाही. मार्जिन, म्हणजे प्लॉटच्या कडेने मोकळी सोडायची जागा, पुढे १० फूट आणि बाकी तिन्ही बाजूंना ५ फूट धरली तर बांधकामाला ३० बाय ३५, म्हणजे १०५० स्क्वेअर फूट जागा उरते. मार्जिनचे आकडे मी हिशेबापुरते धरलेत. तुमच्या मंजूर लेआउटवर काय लिहिलंय ते पाहा. २०१७ आणि २०२१ मध्ये आसपासची बरीच गावं पुणे महापालिकेत आली, त्यामुळे तुमचा गट नंबर पालिकेकडे की पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे), हेही सातबारा हातात घेऊन एकदा पक्कं करा. प्लॉट एनए (बिनशेती) आहे की गुंठेवारीतला (मंजुरीशिवाय तुकडे पाडलेला), हे तर सगळ्यात आधी. त्याचं उत्तर मनासारखं नसेल तर पुढचं वाचूच नका, आधी वकिलाकडे जा.

दोन मजले मिळून २१०० झाले. म्हणजे जागा आहे. आता खालच्या १०५० मध्ये काय बसतं ते मांडून दाखवतो. एका गाडीचं पार्किंग १० बाय १७, म्हणजे १७०. हॉल १२ बाय १८, २१६. जिना वर-खाली वळायच्या जागेसकट १०५. आई-वडिलांची खोली ११ बाय १३, १४३. त्यांचं बाथरूम ५ बाय ८, ४०. स्वयंपाकघर ९ बाय १२, १०८. त्याला लागून कामाची जागा, म्हणजे फ्लॅटमध्ये आपण जिला ड्राय बाल्कनी म्हणतो ती, ४५. जेवायची जागा १० बाय ११, ११०. बेरीज ९३७. भिंती आणि कॉलम साधारण दहा-अकरा टक्के खातात, हे प्लॅन काढणारे नवखे लोक नेहमी विसरतात. ते धरले की १०५० भरले. एक फूटही शिल्लक नाही, पण काही सुटलंही नाही. दुसऱ्या गाडीला यात जागा नाही, वन-आरकेलाही नाही. दोन ॲक्टिवा आणि सायकली पार्किंगच्या कडेला आणि पुढच्या अंगणात राहतील.

मांडणी अशी करीन. उत्तरेच्या भिंतीला पुढून मागे हॉल, जिना आणि ईशान्य कोपऱ्यात आई-वडिलांची खोली. दक्षिणेच्या भिंतीला पुढे पार्किंग, मग कामाची जागा, आणि आग्नेयेला स्वयंपाकघर. मागच्या पूर्वेच्या भिंतीवर आई-वडिलांची खोली आणि स्वयंपाकघर यांच्या मधोमध बाथरूम. घराच्या मध्यभागी जेवायची जागा. मध्यभागी म्हणजे अंधारी होणार, असं तुम्ही म्हणाल. म्हणून तर जिना तिला लागून घेतलाय. जिन्याच्या माथ्यावर स्लॅबऐवजी काचेचं छप्पर आणि बाजूने हवा जायला जाळी केली, की वरचा उजेड खाली टेबलापर्यंत येतो आणि गरम हवा तिथूनच निघून जाते. पुण्याचे जुने वाडे चौकामुळे थंड राहायचे. दोन हजार फुटांत चौक परवडत नाही, जिना त्याचं थोडंफार काम करतो.

जिन्यावर जरा थांबतो, कारण प्लॅनमध्ये सगळ्यात आधी जिना बसवायचा असतो आणि बहुतेक लोक तो शेवटी कोंबतात. खोली नंतर फूटभर लहान-मोठी करता येते, जिना नाही. स्लॅब ते स्लॅब १० फूट, म्हणजे १२० इंच. मित्राने सात इंचांच्या सतरा पायऱ्या धरल्यात, आणि पाय ठेवायला नऊ इंच. तरुण माणूस चढेल. मी अठरा पायऱ्या घेईन, म्हणजे प्रत्येक पावणेसात इंचांच्या आत, आणि पाय ठेवायला साडेदहा इंच. नऊ-नऊच्या दोन फ्लाइट, म्हणजे सलग टप्पे, केले (नववी पायरी लँडिंगवर किंवा वरच्या मजल्यावरच येते, म्हणून पाय ठेवायच्या जागा आठ) की लांबी ७ फूट, त्यात साडेतीन फुटांचं लँडिंग, म्हणजे साडेदहा फूट. रुंदी साडेसात. वर-खाली पोचल्यावर उभं राहायला साडेतीन फूट. कपाट आणि गादी वर चढवायची असते, ती याच वळणातून जाते. तीन फुटांच्या जिन्यात गोदरेजचं कपाट अडकलं की दोरीने गच्चीवरून चढवायची वेळ येते. पायऱ्यांना पॉलिश केलेला ग्रॅनाइट नको. लेदर फिनिश घ्या, किंवा कडेला खाचा मारून घ्या.

आई-वडिलांच्या खोलीचं बाथरूम हे या घरातलं सगळ्यात विचार करून काढायचं काम आहे. ५ बाय ८ पुरतं, पण दार ३ फुटांचं हवं. आपल्याकडे बाथरूमला अडीच फुटांचं दार लावायची रीत पडलीय. व्हीलचेअरच सव्वादोन फुटांच्या आसपास रुंद असते, ढकलणाऱ्याची बोटं चौकटीला घासतात. दार बाहेर उघडणारं हवं. आत कोणी पडलं तर ते दारालाच टेकून पडतं आणि आत उघडणारं दार मग उघडत नाही. कमोडच्या बाजूची भिंत वीट किंवा भरीव ब्लॉकची घ्या, म्हणजे हाताचा बार आज नाही तर पाच वर्षांनी लावला तरी घट्ट बसेल. अंघोळीच्या भागात उंबरठा नको, फरशीला उतार द्या आणि कडेला लांब जाळी. खोलीतून बाथरूमकडे जाताना पलंगाला वळसा घालावा लागू नये. रात्री अडीच वाजता माणूस भिंत चाचपत जातो, हे डोळ्यांसमोर ठेवून पलंग काढा. दिव्याचं बटण पलंगापाशीही हवं.

हे सगळं केलं आणि जोतं तीन फूट उंच करून दारात पाच पायऱ्या लावल्या, तर काय उपयोग? जोतं उंच ठेवावंच लागतं. रस्ता दर काही वर्षांनी डांबराच्या नव्या थराने वर येतो आणि पावसाचं पाणी घरात शिरतं, हे तुम्ही तिकडे पाहिलंच असेल. रस्त्यापेक्षा दोन फूट मी धरीन. चाकाच्या खुर्चीला चालेल असा उतार १ ला १२ लागतो, म्हणजे दोन फूट चढायला २४ फूट लांबी. पुढे अंगण आहे फक्त १० फूट. म्हणून गेटपासूनच फरशी चढवत न्यायची: पार्किंग रस्त्यापेक्षा फूटभर वर, तिथून कडेने वळवून उरलेला फूटभर हॉलच्या दारापर्यंत. कागदावर नुसता आडवा प्लॅन पाहून हे कळत नाही. तुमच्या मित्राला गेटपासून मागच्या भिंतीपर्यंतचा एक उभा छेद, म्हणजे घर वरपासून खालपर्यंत कापलं तर कसं दिसेल ते चित्र, काढायला सांगा. तो नसेल तर प्लॅन अर्धाच आहे.

आता पश्चिम. वास्तूच्या आधी उन्हाचं बोलू, कारण ऊन कोणत्याही तोडग्याने टळत नाही. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो, २१ जूनला तर किंचित उत्तरेला. २२ डिसेंबरला मात्र तो दुपारी दक्षिणेला साधारण ४८ अंशांवरच चढतो. याचा अर्थ, दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा टाकला तर एप्रिलमध्ये दुपारी तिच्यावर ऊन येत नाही, आणि डिसेंबरमध्ये सावली फक्त वरच्या सव्वादोन फुटांपर्यंत पोचते. चार फुटांच्या खिडकीतून खालच्या अर्ध्यातून कोवळं ऊन आत. दक्षिणेची खिडकी उगाच बदनाम आहे, पुण्यात ती सगळ्यात समंजस खिडकी. पश्चिमेला छज्जा काहीच करत नाही, कारण चार-पाच वाजता सूर्य समोरून, खालून येतो. एप्रिल-मेमध्ये रात्री आठ वाजता पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावून पाहा, ती अजून गरम असते. पावसाळ्यात झडही बहुतेक त्याच बाजूने येते.

म्हणून खाली पश्चिमेला पार्किंग आणि हॉल ठेवलाय, कोणाचीही झोपायची खोली नाही. हॉलची मोठी खिडकी उत्तरेला, पश्चिमेला दार आणि त्यासमोर चार-पाच फुटांची छताखालची ओसरी. ओसरीची जागा मार्जिनमध्ये चालते का ते तुमचा आर्किटेक्ट सांगेल. नसेल चालत तर हॉलमधून कापा, हॉल तेवढा लहान झाला तरी चालेल. चपला, छत्र्या, रेनकोट, बसून गप्पा मारणारे शेजारी, सगळं तिथेच होतं. एक करा, हॉलची एक सहा फुटांची भिंत मोकळी ठेवा आणि तिथे दोन प्लग पॉइंट द्या. गौरी-गणपतीला दरवर्षी टीव्ही कुठे हलवायचा हा वाद मिटेल.

वास्तूचं. मी मानतही नाही आणि भांडतही नाही. घरात ज्यांना ते महत्त्वाचं वाटतं त्यांच्या मनाला रुखरुख राहू नये, एवढं माझ्यासाठी पुरेसं कारण आहे. वर दिलेल्या मांडणीत स्वयंपाकघर आग्नेयेला आलंच, ईशान्येला पूजा करणारी माणसं राहतील, घराचा मध्य मोकळा आहे, आणि वरच्या मजल्यावर तुमची खोली नैऋत्येला येते. पश्चिमेच्या दाराला हरकत घेणारे थोडे असतात. उत्तरेच्या जिन्याला मात्र घेतील, आधीच सांगून ठेवतो. त्यांना काय उत्तर द्यायचं ते तुम्ही ठरवा. माझं कारण हवा-उजेडाचं आहे. फक्त एकच विनंती: वास्तुवाले एकच निवडा, आणि प्लॅन मंजुरीला देण्याआधी त्यांना दाखवा. जोतं झाल्यावर मामेसासरे एकाला घेऊन येतात आणि तो संडास सरकवायला सांगतो, हा प्रकार मी पुष्कळ पाहिलाय. संडास एकदा सरकला की त्याच्यासोबत पाइप, डक्ट, चेंबर सगळं सरकतं, आणि कॉलम जागचा हलत नाही.

देवघराला वेगळी खोली मी काढणार नाही. जेवायच्या जागेच्या पूर्वेच्या भिंतीत तीन फूट रुंद कोनाडा, खाली ड्रॉवर, वर दिवा. फक्त त्या भिंतीच्या पलीकडे बाथरूम येतं, हे आईंना चालणार नाही, बरोबर ना? मग कोनाडा स्वयंपाकघराच्या बाजूला सरकवा. अशा गोष्टी प्लॅनवर पेन्सिल ठेवूनच सुटतात.

स्वयंपाकघरात ओटा कुठे यापेक्षा भांडी कुठे घासली जातात हे आधी विचारा. भांड्यांच्या मावशी येत असतील तर त्यांना कामाच्या जागेत बाहेरून, दक्षिणेच्या मार्जिनमधून दार द्या. सकाळी साडेसातला घरात कोणी अंघोळ करतंय, कोणी डबा भरतंय, आणि हॉलमधून कोणी ये-जा करत नाही, याची किंमत राहायला गेल्यावर कळते. वॉशिंग मशीन, मोठी मोरी, कपडे वाळत घालायची दोरी तिथेच. दोन समांतर ओटे घेतलेत तर मध्ये चार फूट मोकळे ठेवा. तीनमध्ये दोन माणसं एकमेकांच्या कोपरांना लागतात. फ्रीजचं दार कोणत्या बाजूला उघडतं ते प्लॅनवर काढून घ्या.

पाण्याकडे तुमच्या प्लॅनमध्ये कोणी पाहिलेलंच नाही. तुमच्या भागात उन्हाळ्यात टँकर लागणार, हे धरून चाला. माणशी दिवसाला १३५ लिटर हा नेहमीचा हिशेब, सहा जणांचे ८१० लिटर. पण जमिनीतली टाकी त्यावर ठरवू नका, टँकरवर ठरवा. दहा हजार लिटरचा टँकर मागवला आणि टाकी सहा हजारांची असली, तर उरलेलं पाणी तुम्ही पैसे देऊन परत पाठवता. आतून ७ बाय ९ आणि पाण्याची खोली ६ फूट ठेवली की साडेदहा हजारांच्या वर मावतात. ती पार्किंगच्या खाली घ्या, म्हणजे रस्त्यावरून पाइप पोचतो. झाकण गाडीच्या चाकाखाली येणार नाही असं ठेवा. ड्रेनेज लाइन अजून आली नसेल तर सेप्टिक टँक करावा लागेल. तो पुढच्या अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, उत्तरेकडे घ्या. उपसायच्या गाडीचा पाइप तिथेही पोचला पाहिजे, आणि पिण्याच्या पाण्यापासून अंतरही राहतं. बऱ्याच घरांत तो मागच्या मार्जिनमध्ये लपवतात आणि मग पाइप हॉलमधून न्यायची वेळ येते. ते दृश्य वर्णन करत नाही.

आता वरचा मजला आणि तुमची चौथी बेडरूम. पार्किंगच्या डोक्यावर तुमची खोली १० बाय १७. आई-वडिलांच्या खोलीवर मुलीची ११ बाय १३. स्वयंपाकघरावर मुलाची १० बाय १२. खालच्या बाथरूमवर एक बाथरूम आणि कामाच्या जागेवर दुसरं. ओल्यावर ओलं, म्हणजे पाइप सरळ खाली जातात आणि जेवणाच्या टेबलावर कधी थेंब पडत नाही. जिन्यातून वर आल्यावर ८-१० फुटांची मोकळी जागा, मुलांच्या अभ्यासाची. खाली एक, वर तीन, झाल्या चार. एवढं होऊन हॉलच्या डोक्यावरचे दोनशेच्या आसपास फूट शिल्लक राहतात. तिथे मी काही बांधणार नाही, गच्ची ठेवीन. मुलगी आणखी तीन-चार वर्षांत शिकायला बाहेर गेली की तुम्हाला खोल्या कमी नाही, जास्त वाटायला लागतील. आणि लागलीच कधी, तर त्या गच्चीवर एक खोली चढते, एफएसआयमध्ये २२०० पर्यंतची जागा पाहून. त्यासाठी कॉलमच्या सळया उघड्या सोडू नका. त्या चार पावसाळ्यांत गंजतात. कॉलम कठड्याच्या उंचीपर्यंत भरून घ्या आणि पुढचा भार डिझाइनमध्ये धरायला सांगा.

तुमच्या नैऋत्येच्या खोलीत एक भांडण आहे: वास्तू म्हणतं इथे झोपा, ऊन म्हणतं झोपू नका. तोड अशी, की पश्चिमेची संपूर्ण भिंत दोन फुटांच्या कपाटांनी झाका आणि खिडकी दक्षिणेला घ्या. भिंत तापली तरी कपडे तापतील, तुम्ही नाही. वरच्या स्लॅबवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि त्यावर पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचं चायना मोझॅक करा. गळती थांबते आणि उन्हाचा ताप चांगलाच कमी होतो. ही जुनी पुणेरी पद्धत अजून कोणत्याही चकचकीत केमिकलपेक्षा मला भरवशाची वाटते, फक्त करणारा कारागीर मुरलेला हवा.

कॉलमची एक बारीक गोष्ट. हल्लीच्या भूकंपाच्या नियमांप्रमाणे कॉलमची कमी बाजूसुद्धा १२ इंच लागते आणि ब्लॉकची भिंत असते ६ इंचांची. म्हणजे प्रत्येक कॉलम कुठेतरी सहा इंच बाहेर डोकावणार. तो पलंगाच्या कोपऱ्यात डोकावायचा, कपाटात की घराबाहेर, हे आरसीसीचा माणूस आणि आर्किटेक्ट यांनी एकत्र बसून ठरवायचं असतं. दोघं फक्त ई-मेलवर बोलत असतील तर तो कोपऱ्यातच डोकावतो, आणि सहा फुटांचं तयार कपाट साडेपाच फुटांच्या जागेपुढे उभं राहतं.

प्लॅन जवळपास ठरला की एका रविवारी सगळ्यांना प्लॉटवर घेऊन जा आणि फक्कीने खोल्या जमिनीवर आखा. आई-वडिलांच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून पलंगाची जागा दाखवा, वडिलांना दारातून बाथरूमपर्यंत चालायला सांगा. एक इशारा: उघड्या जमिनीवर आखलेली खोली फार लहान दिसते. सगळे घाबरतात, घरात कुजबुज सुरू होते आणि कोणीतरी हॉल दोन फूट वाढवायला सांगतं. वाढवू नका. भिंती खिडकीच्या उंचीपर्यंत आल्या की आणखी लहान वाटेल, आणि गिलावा-रंग झाल्यावर तीच खोली ऐसपैस दिसेल. जमिनीवर माप पाहायचं ते आकाराचं नाही, चालण्या-वळण्याचं.

त्याच दिवशी जेसीबीवाल्याला सांगून एका कोपऱ्यात खड्डा घेऊन पाहा. त्या बाजूला काळी माती कुठे दोन फुटांवर संपते, कुठे सहा फुटांवर, आणि खाली मुरूम लागतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, पाया तिच्यावर ठेवता येत नाही, कठीण मुरमापर्यंत न्यावा लागतो. माती खोल निघाली तर पायाचा खर्च वाढेल. तेव्हा आत्ता वरच्या मजल्यावरच्या दोनच खोल्या पूर्ण करून मुलाची खोली नुसत्या भिंतींवर ठेवायची, असा हात राखून निर्णय घेता येतो. मंजुरीसाठी नकाशा दाखल करण्याच्या आधी हे माहीत असलेलं बरं.

तुमच्या मित्राने काढलेला प्लॅन फेकू नका. त्याच्या खोल्यांची मापं बरी आहेत, खिडक्याही समोरासमोर आहेत. त्याला हे तळमजल्याचं गणित दाखवा, पलंग-कपाटं-फ्रीज मापात काढायला सांगा आणि उभा छेद मागा. नवीन प्लॅन तयार झाला की उत्तर दिशेचा बाण आणि शेजारच्या घरांच्या खिडक्या कुठे आहेत ते त्यावर दाखवून पाठवा. दोन्ही बाजूंची पाच-पाच फूट मार्जिन धरली तर शेजाऱ्यांची खिडकी दहा फुटांवर येते, ती बरोबर मुलीच्या खिडकीसमोर नको.